पंखा पाचवर

२०३९ सालच्या एप्रिल महिन्यात माणूस आणि सत्य यांच्यातला शेवटचा पडदा गळून पडला. राजे-महाराजे, सुभेदार, कलेक्टर या सगळ्यांना हजारो वर्षांत जे साधलं नाही, ते एका यंत्रणेनं करून दाखवलं. यापुढे या देशातल्या कुठल्याही नागरिकाला आपल्या मिळकतीबद्दल खोटं बोलता येणार नव्हतं, कारण त्याला काही विचारलंच जाणार नव्हतं. विवरणपत्र आपोआप भरलं जाणार, आपोआप तपासलं जाणार आणि परतावा साठ सेकंदांत खात्यात जमा होणार.

ही युगप्रवर्तक घोषणा झाली तेव्हा मी सांगलीत बनियनवर बसून भेंडी पुसत होतो.

आणि माझा परतावा साठ सेकंदांत आला नाही. जुलैत 'करसखा' नावाच्या त्या नव्या यंत्रणेनं माझं विवरणपत्र डोळ्याचं पातं लवायच्या आत भरून टाकलं आणि त्यानंतर सत्तेचाळीस दिवस मोबाईलवर एकच ओळ दिसत राहिली: 'आपला परतावा प्रक्रियेत आहे.' शेजारी एक चाक गोल फिरायचं. चाक पूर्वीपेक्षा पुष्कळ सुबक होतं, एवढं कबूल केलं पाहिजे.

मी शिरीष गुळवणी, वय त्रेसष्ट. वीज कंपनीच्या मीटर तपासणाऱ्या प्रयोगशाळेत पस्तीस वर्षं नोकरी केली. आता पेन्शन आहे. पेन्शनीतून सरकार आधी कर कापून घेतं आणि मग मी तो परत मागतो. आमचं एवढंच येणं-जाणं आहे.

परताव्याशी माझ्या आईचा संबंध फार जुना. तिचा मिरजेत दोन खोल्यांचा फ्लॅट होता, तिच्याच नावावर. मी सांगलीत स्वतःच्या घरात राहायचो, पण कागदावर बावीस वर्षं मी आईचा भाडेकरू होतो. घरभाड्याची सवलत मिळवायला भाडेपावत्या लागायच्या आणि पावत्यांवर सही करायला आईइतकी खात्रीची घरमालकीण कुठे मिळणार? दर मार्चमध्ये मी बारा कोऱ्या पावत्या आणि बारा रेव्हेन्यू तिकिटं घेऊन मिरजेला जायचो. आई भडंगाची बशी पुढे ठेवायची, चष्मा शोधायची, सापडला की पुसायची, आणि मग तिकीट जिभेला लावून एकेक पावती वाचायला घ्यायची.

"एप्रिलचं भाडं मिळालं. बरं. मे महिन्याचं मिळालं. वा."

"आई, वाचू नकोस गं, नुसत्या सह्या कर. शेवटची बस चुकेल."

"असं कसं? मालकीण आहे मी." मग सही करता करता म्हणायची, "भाडेकरू तसा बरा आहे. फक्त घरी राहत नाही."

बारा सह्यांना ती दीड तास घ्यायची. वयामुळे हात हळू चालतो, असं मला वाटायचं. पुढे सगळे व्यवहार यंत्रांना परस्पर कळू लागले, पावत्या बंद झाल्या आणि मार्चमधली ती संध्याकाळही बंद झाली. मला हायसं वाटलं होतं, हे मी लपवत नाही.

मग 'सोबत वजावट' आली. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांची संख्या इतकी वाढली होती की सरकारला काहीतरी करणं भाग होतं, आणि सरकारला मनापासून करता येतं ते एकच, करात सवलत. ऐंशीच्या वरचे आई किंवा वडील वेगळे राहत असतील आणि मुलानं वर्षात पाचशे तास त्यांच्या सोबतीत काढले, तर घसघशीत वजावट. पाचशेच्या खाली असाल तर तासागणिक चणेफुटाणे.

तास मोजायचे कसे? इथे माझा विषय येतो, म्हणून जरा सांगतो. प्रत्येक उपकरण वीज आपापल्या ढंगानं ओढतं. पंखा सुरू होताना एक मोठा घोट घेतो आणि मग संथपणे पीत राहतो. इंडक्शनची शेगडी थांबून थांबून गटागटा पिते. टीव्हीची भूक चित्राच्या उजेडाबरोबर कमी-जास्त होते, त्यामुळे पडद्यावर मालिका चालली आहे की क्रिकेट, हेसुद्धा तारेतून कळतं. घरात शिरणाऱ्या एकाच तारेतल्या या सगळ्या लाटा वेगळ्या करता आल्या, की आत केव्हा काय चालू होतं ते मीटर सांगू शकतो. आणि माणूस म्हणजे तरी काय, बटणं दाबायच्या सवयींचं गाठोडं. कॅमेरा नको, माईक नको. देवळाबाहेरच्या चपला बघून आत कोण कोण आहे ते सांगावं, तसा हा मीटर घरातल्या माणसांची नावं सांगतो.

त्यासाठी त्याला एकदा ओळख करून द्यावी लागते. मुलानं एक संध्याकाळ आई-वडिलांकडे नेहमीसारखं बसायचं, म्हणजे मीटर त्याच्या सवयी टिपून घेतो. २०३८ च्या एप्रिलमध्ये मी त्यासाठी मिरजेला गेलो आणि सात ते पावणेनऊ बसलो. पावत्या बंद झाल्यावर इतका वेळ मी तिथे पहिल्यांदाच बसलो होतो.

आई तेव्हा शहाऐंशी वर्षांची होती. तिला सगळं समजून घ्यायचं होतं.

"म्हणजे तो तुझं तोंड नाही बघत?"

"नाही."

"मग तू आलास हे त्याला कळणार कसं?"

"हे बघ, मी आल्या आल्या पंखा पाचवर करतो. मग टीव्हीवर मॅच लावतो. पाऊण तासानं तू चहा टाकतेस, तो माझा म्हणून जास्त वेळ उकळतो. मग मी बाथरूमला जातो आणि..."

"आणि दिवा चालू ठेवून येतोस. पन्नास वर्षं सांगतेय."

"तेच. तीच माझी खूण."

आईनं बोटांवर मोजून बघितलं. "म्हणजे तू म्हणजे पंखा, टीव्ही आणि बाथरूमचा दिवा."

"मीटरच्या दृष्टीनं."

"माझ्या तरी दृष्टीनं वेगळं काय आहे रे?" असं म्हणून ती हसली आणि भिंतीवरच्या कॅलेंडरमागे पेन्सिलीनं काहीतरी लिहू लागली. दुधाचं लिहीत असेल, म्हणून मी बघितलं नाही. मॅच रंगात आली होती.

निघताना ती म्हणाली, "शिरीष, हा पंखा पाचवर केला की घुमतो बघ. तेवढा बघ की जरा."

"पुढच्या रविवारी स्क्रूड्रायव्हर घेऊन येतो."

पुढच्या रविवारी मी गेलो. स्क्रूड्रायव्हर विसरलो. त्यानंतरही रविवारी सकाळी जात होतो, भाजी देऊन लगेच निघत होतो. पाचशे तास आपल्याच्यानं होणार नाहीत हे मला महिन्याभरात कळलं आणि मी तो विषय डोक्यातून काढून टाकला. चार लाख मीटर तपासलेल्या माणसाला मीटर फसवता येत नाही हे ठाऊक असतं.

यंदा चार फेब्रुवारीला सकाळी आई झोपेतच गेली. दुधाची पिशवी नऊपर्यंत दाराला लटकलेली दिसली, म्हणून खालच्या मजल्यावरच्या रेहानाभाभी मुजावरांनी त्यांच्याकडच्या किल्लीनं दार उघडलं आणि मला फोन केला.

सत्तेचाळिसाव्या दिवशी चाक फिरायचं थांबलं आणि पडद्यावर कागदी फुलं पडू लागली.

'अभिनंदन, श्री. गुळवणी! आपण मातोश्रींच्या सोबतीत ५२७ तास घालवले. आपली नियमितता असाधारण आढळल्याने प्रकरण विशेष पडताळणीसाठी गेले होते. पडताळणी यशस्वी. आपणांस आदर्श अपत्य हे मानांकन देण्यात येत आहे. परतावा रुपये ४१,२६०. कृपया एकदाच दुजोरा द्या: हे तास आपलेच आहेत. होय / नाही.'

"होय दाबा की," मेधा, माझी बायको, पाठीमागून वाचत होती. "वाट कसली बघताय?"

"मेधा, मी पाचशे तास गेलो होतो का?"

"तुम्ही पाचशे तास कुठेच गेला नाहीत. पण यंत्र म्हणतंय ना? एरवी तुम्हीच सांगता, मीटर खोटं बोलत नाही म्हणून."

"हा मीटर बिघडलाय."

"मग बिघडू दे. आयुष्यात एकदा आपल्या बाजूनं बिघडलाय."

तिचं म्हणणं व्यवहाराला धरून होतं. पण माझ्यातला निवृत्त माणूस दुखावला. बिघडलेल्या मीटरच्या दाखल्यावर आदर्श अपत्य व्हायचं म्हणजे फारच झालं. मी माळ्यावरचं जुनं तपासणी यंत्र काढलं, पुसलं आणि संध्याकाळी मिरज गाठली.

मीटर उत्तम होता. तीनदा तपासला.

मग मी करसख्याकडून नोंदींचा तपशील मागवला आणि आईच्या पलंगावर बसून वाचला. बेचाळीस रविवारच्या सकाळी: एकूण अकरा तास. म्हणजे सरासरी पावणेसोळा मिनिटं. हा मी होतो, यात शंका नाही. आणि त्याशिवाय दोनशे पंच्याण्णव संध्याकाळी. प्रत्येक संध्याकाळी सात वाजता पंखा पाचवर. सात-पाचला टीव्ही, खेळ. सात-चाळीसला चहा, जास्त उकळलेला. आठ-दहाला बाथरूमचा दिवा, आणि तो तसाच चालू. पावणेनऊला सगळं बंद.

जिवंत माणसाचा आलेख असा नसतो. माणूस कधी पाच मिनिटं उशिरा येतो, कधी त्याला चहा नको असतो. हे म्हणजे एकाच संध्याकाळच्या दोनशे पंच्याण्णव प्रती होत्या. आणि ती संध्याकाळ कोणती, हे मला सांगायला यंत्र नको होतं.

मी उठून कॅलेंडर उलटं केलं. पेन्सिलीनं, सरळ रेषेत:

'७ पंखा ५. ७.०५ खेळ. ७.४० चहा (त्याचा). ८.१० बाथरूम दिवा, बंद करायचा नाही. ८.४५ गेला.'

'बंद करायचा नाही'च्या खाली दोन रेघा होत्या.

दाराशी रेहानाभाभी उभ्या होत्या. दिवा दिसला म्हणून वर आल्या होत्या, हातात झाकलेली बशी. त्यांचे यजमान युनूसभाई तंबोरे बनवतात, खाली त्यांचं घर आणि कारखाना एकच आहे.

"भाभी, आई संध्याकाळी काय करायची?"

"काकू? टीव्ही बघायच्या की. खेळ." त्या आत येऊन बसल्या. "कबड्डी असली तर खूष असायच्या. क्रिकेट असलं की मला विचारायच्या, रेहाना, तो लांब एकटाच उभा आहे तो काय काम करतो गं? मला तरी काय ठाऊक? मी म्हणायचे, त्याला बोलावल्याशिवाय यायचं नसेल."

"आणि पंखा?"

"तो तर पाचवर. डिसेंबरात सुद्धा. कानटोपी घालून, शाल गुंडाळून, पंख्याखाली. मी म्हटलं, काकू, गारठून मराल की! तर म्हणाल्या, असू दे गं. शिरीष आलाय."

भाभींनी बशी माझ्यापुढे सरकवली.

"मला आधी वाटलं, डोक्याचं काहीतरी झालं. तर तसं काही नव्हतं. मला सगळं सांगितलं त्यांनी. पाचशे तास झाले की पोराला पैसे परत मिळतात. म्हणाल्या, आधी सह्या करत होते, आता तो पंखा चालवते. काम तेच आहे."

"चहा कोण प्यायचं?"

"तुमचा? मी." त्या जराशा संकोचल्या. "फेकायचा कसा? फार कडू पिता हो तुम्ही."

त्या गेल्यावर मी पुन्हा तपशील उघडला. पाचशे तास एकोणीस जानेवारीलाच पूर्ण झाले होते. करसखा तेव्हा यायचा होता, पण सोबत वजावटीच्या खात्यानं त्या दिवशी आईच्या फोनवर तसा संदेशही पाठवला होता: आवश्यक तास पूर्ण, आभारी आहोत. सवलतीचं काम तिथे संपलं होतं. त्यानंतरही पंधरा संध्याकाळी पंखा पाचवर होता.

हे मी दोनदा मोजलं. मोजणीत चूक नव्हती.

सात वाजायला आले होते. मोबाईलवर 'होय' आणि 'नाही' एकमेकांशेजारी वाट बघत होते. 'होय' म्हटलं असतं तर तिची दहा महिन्यांची मेहनत फळाला आली असती आणि मी न दिलेल्या संध्याकाळींचे पैसे मला मिळाले असते. 'नाही' म्हटलं असतं तर त्याच सगळ्या संध्याकाळी सरकारदरबारी 'वृद्धा एकटी' अशा नोंदल्या गेल्या असत्या. दोन्हींत ती थंडीत पंख्याखाली बसलेलीच होती.

त्या वेळी मला एक खुळं सुचलं. करसख्यात 'सध्या उपस्थित' असा एक कोपरा असतो. मी पंखा पाचवर केला. तो घुमू लागला. टीव्हीवर मॅच लावली. कोपऱ्यात नाव आलं: 'शिरीष गुळवणी. एक व्यक्ती उपस्थित.'

मला तिथे दुसरं नाव बघायचं होतं. तिला मी जमलो, मला ती का जमू नये? मी तर या विषयातला माणूस. देव्हाऱ्यातला दिवा लावला. 'एक व्यक्ती उपस्थित.' स्वयंपाकघरातली ट्यूब लावली. आधी ट्यूब आणि मग दिवा असं करून बघितलं. रेडिओ लावला. मिक्सर फिरवला. मग आठवलं, दात गेल्यावर ती कोशिंबीर मिक्सरमधून काढायची, की ते मेधाची आई करायची? फ्रिज उघडला, बंद केला. गॅलरीतला दिवा ती लावायची का? केव्हा? झोपायच्या आधी पाणी गरम करायची की फ्लास्क भरून ठेवायची?

'एक व्यक्ती उपस्थित.'

तिनं मला पाच नोंदींत लिहून काढलं होतं, आणि त्या पाच नोंदींनी देशातली सगळ्यात हुशार यंत्रणा दहा महिने फसली. तिच्याबद्दल अशी एक ओळ मला लिहिता येईना. मी करसख्याला विचारलं, आईच्या सवयी कोणत्या नोंदल्या आहेत? त्यानं अदबीनं उत्तर दिलं: 'ही माहिती खाजगी असून केवळ निकटच्या व्यक्तीस ठाऊक असणे अपेक्षित आहे.'

मी 'नाही' दाबलं.

चाक पुन्हा एकदा फिरलं. 'आपल्या उत्तरामुळे मातोश्रींच्या नावावरील सोबतीची नोंद बदलत आहे. मातोश्रींच्या निधनाची नोंद आमच्याकडे असून आम्ही आपल्या दुःखात सहभागी आहोत. पुढे जाण्यासाठी मातोश्रींच्या मोबाईलवर पाठवलेला ओटीपी भरावा.'

आईचा फोन कपाटात, साड्यांच्या खाली होता. बटणांचा, जुना, बॅटरी केव्हाच संपलेली. सोबतचा चार्जरही तसाच पुराणा, हातात घेतला तर वजन लागावं असा. पलंगाजवळच्या सॉकेटमध्ये मी तो लावला. आतल्या तारेच्या वेटोळ्यानं बारीकसा हुंकार दिला.

मोबाईलवर एक टिंब हिरवं झालं.

'सुलोचना गुळवणी. शिरीष गुळवणी. दोन व्यक्ती उपस्थित. सोबत सुरू झाली आहे.'

हीच होती तर तिची सवय. संध्याकाळी सात वाजता, न चुकता, फोन भरून ठेवायचा. कुणाच्या फोनसाठी, ते मीटरला कळत नाही.

मी बसून राहिलो. सात-चाळीसला उठून चहा टाकला, जास्त उकळला. एक कप माझा, एक असाच. मॅचमध्ये एक क्षेत्ररक्षक लांब एकटा उभा होता आणि तो काय काम करतो, हे त्या दिवशी मलाही नीटसं सांगता आलं नसतं. आठ-दहाला बाथरूमला जाऊन आलो आणि, पन्नास वर्षांत पहिल्यांदा, दिवा बंद केला. लगेच मोबाईल म्हणाला: 'एक अनोळखी व्यक्ती.' मी परत जाऊन दिवा लावून आलो.

साडेआठच्या सुमाराला आईचा फोन जागा झाला आणि थरथरला. सहा आकडे होते. मी ते भरले.

'नोंद दुरुस्त करण्यात आली. सोबत: अकरा तास. आदर्श अपत्य मानांकन मागे घेण्यात येत आहे. परतावा रुपये ३१२.'

साठ सेकंदांत जमा झाला. क्रांती झाली होती, यात वादच नाही.

चार्जर मी काढला नाही. कोपऱ्यात दोन नावं अजून दिसत होती आणि पावणेनऊला पंधरा मिनिटं बाकी होती. खुर्ची ओढून मी पंख्याखाली घेतली. सप्टेंबर होता, बाहेर पाऊस पडून गेलेला, अंगावर काटा येत होता. कपाटातून तिची शाल काढावी का, असा विचार करत होतो, तेवढ्यात दार वाजलं.

रेहानाभाभी होत्या. बशी न्यायला आल्या असतील म्हणून मी वळलो, तर त्यांनी हातानंच नको म्हटलं आणि उंबऱ्याबाहेरच उभ्या राहिल्या.

"भाऊ, एक बोलू? राग नाही ना येणार?"

"बोला की."

"खाली हे तंबोऱ्याची जवारी लावायला बसलेत. तारांखालच्या घोडीवर कानस मारायची, सूर ऐकायचा, परत मारायची, असं नाजूक काम असतं ते. आणि वरून या पंख्याचा घूं घूं चालू झाला की ह्यांना षड्जच सापडत नाही. वर्षभर ह्यांनी संध्याकाळचं काम सकाळी केलं. काकूंना म्हणून कधी बोललो नाही आम्ही." त्यांनी वर, पंख्याकडे बघितलं. "आता तुम्ही आलाच आहात, तर तो पंखा तेवढा बघता का जरा?"